अण्णा, माझ्या गिटारची मान सरळ केल्याबद्दल

प्रिय अण्णा,
सप्रेम नमस्कार.

आपल्या चारही धुना परवा लोकांपुढे आल्या. तेव्हापासून भेटेल तो म्हणतो, "क्लास नाही, गुरू नाही, आपलं आपण शिकलास की!" प्रत्येकाला थांबवून मी तुमचं सांगतो. पण सगळ्यांना कुठं गाठणार? म्हणून हे जाहीर पत्र.

मोबाइलवर बघून मी दोन वर्षं वाजवत होतो, हे खरं. सी, जी, ए मायनर हे कॉर्ड बसले होते. एफ काही केल्या येईना. पहिल्या बोटानं पहिल्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या पहिल्या घरात, सहाही तारा एकदम दाबायच्या आणि माझ्या दोन तारा कायम मुक्या. बोटांना घट्टे पडले, मनगट दुखू लागलं. हा हातच गिटारचा नाही, असं मनानं घेतलं. त्या दुपारी बाबांचा डबा द्यायला कारखान्यात आलो, तेव्हा गिटार पाठीवर का होती माहितेय? विकायला निघालो होतो. हे तुम्हाला आज पहिल्यांदा सांगतोय.

तुम्ही तिथले जॉबर, माग दुरुस्त करणारे. मागाखालून बाहेर आलात, हात ग्रीसनं काळे. "काय वाजवालास बे?" म्हणालात. हात पुसून गिटार घेतलीत आणि मागाच्या फणीतला वाकडा दात शोधावा तशी एक डोळा मिटून मानेवरून नजर फिरवलीत. "तुझं बोट बरंय. मान वाकलीय हिची."

पत्र्याची खोली, सोलापूरचा उन्हाळा आणि सहा तारांचा ताण. मान पुढं ओढली गेली होती आणि तारा उंच झाल्या होत्या. जॉबरच्या पेटीतली एलन की काढून तुम्ही ट्रस रॉड, म्हणजे मानेच्या आतली लोखंडी सळई, फक्त पाव फेरा आवळलात. मी म्हटलं, अजून आवळा की. तर म्हणालात, लाकडाला रात्रभर बसू दे, उद्या ये. असे तीन दिवस. मग सॅडल, म्हणजे खाली तारा टेकतात ती पट्टी, काढून पॉलिश पेपरवर घासलात. सॅडल १ मिलिमीटर घासला की १२ व्या फ्रेटवर तार अर्धाच मिलिमीटर खाली येते, हे गणित मला तिथं कळलं. चौथ्या दिवशी एफ वाजला. सहाही तारांनी वाजला, अण्णा.

तरुणपणी तुम्ही ऑर्केस्ट्रात वाजवायचात, हे त्यानंतर कळलं. त्याच जुन्या मित्रांकडे मला घेऊन गेलात. तालमीत मी प्रत्येक मात्रा भरून टाकायचो. "गायिका श्वास घ्यालीय, तिथं ढोलकी बोलालीय. ऐक की जरा." एवढंच बोलायचात. गणपतीत पूर्व भागातल्या एका मंडळापुढं पहिल्यांदा उभा राहिलो. गाणं बसवलं होतं पांढरी एक पट्टीत आणि ऐन वेळी गायिका म्हणाली, काळी एक, म्हणजे अर्धा स्वर वर. माझे हात गार पडले. तुम्ही कडेला उभे होतात, नुसतं एक बोट दाखवलंत. पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबणारा चिमटा, लावला आणि त्याच कॉर्डांवर गाणं पार पडलं. आधीच्या आठवड्यात तुम्ही ते करून घेतलं नसतंत, तर मी त्या रात्री स्टेजवरून उतरलो असतो.

रेकॉर्डिंगला स्टुडिओचं भाडं परवडणारं नव्हतं. तुम्ही मालकांशी बोलून माग बंद असतात त्या दिवशी चादरींचं गोदाम उघडून घेतलंत. दोऱ्या बांधून तिन्ही बाजूंनी चादरी टांगल्या आणि टाळी वाजवून पाहिली. घुमणं गेलं होतं. इतकी जाड, घट्ट विणीची सोलापुरी चादर आवाज किती पिते, हे चादरींच्या गावात वाढूनही मला माहीत नव्हतं. उसना आणलेला कंडेन्सर माइक आधी मी गिटारच्या भोकासमोरच धरला. नुसता ढबढब आवाज. मग १२ व्या फ्रेटकडं, वीतभर अंतरावर सरकवला, तेव्हा तार आणि लाकूड दोन्ही ऐकू आली.

तिसरी धून मात्र क्लिकवर, म्हणजे हेडफोनमधल्या टिकटिक तालावर, बसेना. दहा वेळा घेतली, दहाही वेळा ताठ. तुम्ही माझा हेडफोन काढून ठेवलात आणि गाठोड्यावर बसून पायानं ताल धरलात.

मिक्सिंगवाला म्हणाला, सुरुवातीचा आवाज कापू या. मी कापू दिला नाही. तिसऱ्या धुनेच्या आधी तुमचं तेलुगूतलं एक-दोन-तीन-चार, "ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू", तसंच आहे. रविवारी हेडफोन घेऊन येतो. आई कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून देणार आहे.

तुमचा,
डबा घेऊन येणारा पोरगा