शंभरपर्यंतची घाई कशाला?

संपादक महोदय,

जून जवळ आला की 'आमची चिमी शंभरपर्यंत म्हणते' हे कौतुक घरोघरी ऐकू येतं. तिच्यापुढे सात बटाटे मांडा आणि मोजायला सांगा. बोट एका बटाट्यावर असताना तोंडातून दोन आकडे निघून जातात. किंवा सातपर्यंत नीट मोजते, पण 'मग किती झाले?' म्हटलं की पुन्हा एकपासून सुरुवात. शेवटी म्हटलेला आकडा म्हणजेच सगळे मिळून किती, हे अजून उमगलेलं नसतं. तोवर ते आकडे म्हणजे बडबडगीतच. आधी पाचपर्यंत, मग दहापर्यंत पक्कं होऊ द्यावं. मोजलेला बटाटा उचलून दुसऱ्या ताटात ठेवायला लावला की तोच पुन्हा मोजला जात नाही. चिंचोके-शेंगदाणे लहानग्यांच्या हाती देऊ नयेत, ते तोंडात आणि नाकात जातात.

विसाच्या पुढे खरी अडचण आपल्या भाषेचीच आहे. 'पंचवीस' म्हणताना पाच आधी कानावर येतात, म्हणून मूल ५ आधी लिहितं आणि ५२ होतात. अठ्ठावीसनंतर ते बिनचूक तर्काने 'नव्वीस' म्हणतं. त्याला हसू नये. एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. आणि ही एकोणची तऱ्हाही शेवटपर्यंत टिकत नाही, ८९ ला कुणी एकोणनव्वद म्हणतं, कुणी नव्व्याऐंशी, आणि ९९ तर नव्व्याण्णव! २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' आलं तेव्हा त्याची भरपूर टिंगल झाली, पण ते ज्या अडचणीवर होतं ती खरी होती. घरी आईस्क्रीमच्या दहा-दहा काड्यांना रबर लावून गठ्ठे करावेत. दोन गठ्ठे आणि पाच सुट्या काड्या समोर ठेवून 'वीस आणि पाच, पंचवीस' असं दोन्ही म्हणावं. नावं सोडायची नाहीत, त्यांच्या पोटातलं दाखवायचं. पण हे मूल पाच वर्षांचं झाल्यावर.

वाचनात 'अ अननसाचा'पासून ज्ञपर्यंत क्रमाने जाण्यात महिने जातात आणि तोवर वाचायला एक शब्दही हाती लागत नाही. त्याऐवजी र, म, ग, न, घ ही पाचच अक्षरं पुठ्ठ्यावर मोठी लिहून घ्या. घर, मन, मगर, गरम, नगर, नमन असे शब्द लगेच तयार होतात. इथे एक गोची आहे. सुटी अक्षरं मूल 'घ', 'र' अशी पूर्ण म्हणतं आणि जोडताना 'घऽरऽ' करतं. आपण बोलताना शेवटचा र अर्धवटच सोडतो. म्हणून दोन्ही पुठ्ठे एकमेकांकडे सरकवत मोठ्याने 'घर' म्हणून दाखवावं लागतं, आठ-दहा वेळा तरी.

त्यानंतर काना: राग, नाग, मामा, घागर. मग दुसरी वेलांटी: मी, मामी, घारी. पहिली वेलांटी मागाहून घ्यावी, कारण ती लिहिली जाते अक्षराच्या आधी आणि ऐकू येते नंतर. मूल तिथे हमखास अडखळतं. बाराखड्या एका दमात पाठ करून घेणाऱ्यांना हा फरक जाणवतच नाही.

एका बैठकीला दहा मिनिटं पुरेत. ती रोज झाली तर. जांभया सुरू झाल्या की पुठ्ठे उचलावेत.

लिहिण्याची घाई सगळ्यांत शेवटी. ताटात वाटीभर रवा पसरून त्यात बोटाने उभी, आडवी, तिरपी रेघ आणि गोल काढू द्यावा. ग आणि म यांतूनच बनतात. पाटीवर आल्यावर अख्खी पेन्सिल देऊ नये. ती मुठीत धरली जाते आणि मग ती सवय मोडता मोडत नाही. पेरभर तुकडा दिला की तो मुठीत धरताच येत नाही, चिमटीत धरावा लागतो.

– एक बालवाडी शिक्षिका, सातारा