तू म्हणतोस तेवढं सोपं नाही

पुणे,
१६ डिसेंबर

प्रिय अनंत,

पत्र मिळालं. स्वार्थाशिवाय कोणताही देश सैन्य पाठवत नाही, हे तुझं म्हणणं मला मान्य आहे. पण त्यावरून अत्याचार थांबवण्यासाठी लढणं ही निव्वळ बतावणी ठरते, हे मला पटत नाही.

१९७१ चं पूर्व पाकिस्तान, म्हणजे आजचा बांगलादेश, घे. २५ मार्चच्या रात्री पाकिस्तानी सैन्य ढाका विद्यापीठात शिरलं. जगन्नाथ हॉलमधल्या विद्यार्थ्यांना गोळ्या घातल्या. अमेरिकी वकिलातीच्या आर्चर ब्लड यांनी वॉशिंग्टनला परोपरीनं कळवलं. उत्तर म्हणून त्यांनाच ढाक्यातून हलवलं. जवळपास एक कोटी माणसं सीमा ओलांडून भारतात आली. पाकिस्तान दुबळा व्हावा असं दिल्लीला वाटत होतंच, कशाला नाकारायचं? पण निर्वासितांच्या छावणीत लेकरू दगावलेल्या आईला त्या हेतूंशी काय देणंघेणं?

युद्ध हा शेवटचा उपाय असावा, हे आपण दोघंही मानतो. मात्र तोवर थांबण्याची किंमत कोण मोजतं, हे तू कुठेच लिहीत नाहीस. पावसाळा सरावा, हिमालयातल्या चीनकडच्या खिंडी बर्फानं बंद व्हाव्यात, म्हणून मोहीम लांबवली. लष्करी हिशेबानं ते योग्यच होतं. त्या महिन्यांत गावंच्या गावं जळत होती. पाकिस्तानी सैन्याच्या शरणागतीच्या अवघे दोन दिवस आधी, १४ डिसेंबरला, ढाक्यातले प्राध्यापक, डॉक्टर, पत्रकार घरांतून उचलून मारले गेले. आणि संयुक्त राष्ट्रांची आमसभा? ७ डिसेंबरला १०४ विरुद्ध ११ मतांनी तिनं युद्धबंदी करून सैन्यं मागे घ्यायला सांगितलं. ते ऐकलं असतं तर पूर्व बंगालची माणसं पुन्हा त्याच लष्कराच्या हाती राहिली असती.

माझी कसोटी हेतूची नाही, पुढच्या वागणुकीची आहे. भारतीय सैन्य मार्च १९७२ मध्ये बांगलादेशातून परतलं. व्हिएतनामनं जानेवारी १९७९ मध्ये पोल पॉटची राजवट उलथवली, कंबोडियातला संहार थांबवला. पण त्याचं सैन्य १९८९ पर्यंत तिथेच राहिलं. त्यानं माणसं वाचवली हे मी मानतो, तरी त्या दहा वर्षांचं समर्थन मला करता येत नाही.

तू फाळणीनंतर पूर्व बंगालमध्ये येऊन राहिलेल्या उर्दूभाषक बिहारींचा मुद्दा काढला असतास तर मी निरुत्तर झालो असतो. त्यांच्यातल्या काहींनी पाकिस्तानी लष्कराला साथ दिली होती. युद्धानंतर सूड मात्र निरपराधांवरही उगवला गेला, आणि तोही आपलं सैन्य तिथे असताना. त्यांना सांभाळणं हेही आपलंच काम होतं.

वहिनींना नमस्कार. सविस्तर लिही, रागावून लिहिलंस तरी चालेल.

तुझा,
मिलिंद