सिंधुदुर्ग विदर्भातील मुलांनीही पाहावा

महोदय,

जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या मराठ्यांच्या 12 किल्ल्यांपैकी सिंधुदुर्गाकडे, समुद्रापासून दूर राहणाऱ्या आम्हा नागपूरकरांनी विशेष लक्ष द्यावे, असे वाटते. मालवणजवळच्या कुरटे बेटावर छत्रपती शिवाजी महाराजांनी 1664 मध्ये या जलदुर्गाची पायाभरणी केली. पायाच्या दगडांत शिसे ओतून उभारलेली ही तटबंदी लाटांचा मारा सोसत आजही उभी आहे. आणि होडी अगदी जवळ जाईपर्यंत बुरुजांच्या वळणात दडलेले महाद्वार दिसत नाही, ही योजकता तर थक्क करणारी आहे. आत राजाराम महाराजांनी बांधलेले श्रीशिवराजेश्वर मंदिर असून, चहूबाजूंनी खारे पाणी असताना दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरींना गोडे पाणी आहे. पाठ्यपुस्तकातील चित्रावरून हे कळणे अशक्यच.

पावसाळ्यात समुद्र खवळल्यामुळे होड्या बंद असतात, म्हणून विदर्भातील शाळांनी हिवाळी सहलींत सिंधुदुर्गाचा आवर्जून समावेश करावा आणि या लांबच्या प्रवासासाठी एसटी महामंडळाने सवलतीच्या गाड्या द्याव्यात, ही कळकळीची विनंती.

— एक वाचक, नागपूर