कंपोस्टच्या सल्ल्यात राहून जाणारी गोष्ट

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

घरच्या घरी कंपोस्ट करण्याविषयीचा मजकूर आजकाल सर्वत्र वाचायला मिळतो, ही समाधानाची बाब आहे. मात्र ‘ओला कचरा डब्यात टाकत राहा, वरून जिवाणूंचे विरजण घाला आणि महिनाभरात खत काढून घ्या’ असाच त्यातील बहुतेकांचा सूर असतो. त्यात सुक्या पाचोळ्याला दुय्यम स्थान मिळते आणि खत मुरण्याच्या काळाचा तर उल्लेखही नसतो. भाजीपाला लावणाऱ्याला या दोन्ही उणिवा महागात पडतात.

कचरा कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवांना ऊर्जेसाठी कर्ब आणि वाढीसाठी नत्र लागते. सुरुवातीच्या मिश्रणात नत्राच्या एका भागास कर्बाचे २५ ते ३० भाग असले, तर कुजण्याची क्रिया सुरळीत चालते. हिरव्या पालेभाज्यांच्या अवशेषांत कर्ब याहून बराच कमी असतो, तर वाळलेल्या पानांत तो जास्त असतो. म्हणून ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थराबरोबर आकारमानाने त्याच्या दुप्पट सुका पाला मिसळणे इष्ट ठरते. नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास येऊ लागला, तर भाज्यांना मिळायचे नत्र हवेत उडून चालले आहे असे समजावे आणि पाला वाढवावा. कुजक्या अंड्यांसारखा वास आल्यास आत हवा पोहोचत नाही, हे ओळखून ढीग उलटावा. मूठभर मिश्रण दाबल्यावर बोटांमधून एखाद-दुसराच थेंब निघावा, इतपत ओलावा पुरेसा असतो. विकतच्या विरजणाची तर, माझ्या मते, मुळीच गरज नाही, कारण आवश्यक ते सूक्ष्मजीव पाचोळ्यावर आणि मातीत आधीपासूनच असतात.

सुमारे एक मीटर लांबी-रुंदी-उंचीचा ढीग आतून ५५ अंश सेल्सिअसच्या वर तापतो, आणि ही उष्णता काही दिवस टिकली तर तणांचे बी व बरेचसे रोगकारक जीव मरतात. लहान डब्यात एवढी उष्णता सहसा साठत नाही. त्यामुळे डब्यात खत करणाऱ्यांनी रोगट झाडे आणि बी धरलेले तण त्यात टाकूच नये.

खरा घोटाळा होतो तो खत काढण्याच्या वेळी. वरून काळपट दिसणारे, पण आतून अर्धवट कुजलेले खत वाफ्यात मिसळले, की कुजण्याचे उरलेले काम मातीत सुरू होते; त्यासाठी सूक्ष्मजीव मातीतलेच नत्र वापरतात आणि रोपे पिवळी पडतात. कच्च्या खतातील सेंद्रिय आम्लांमुळे बियांची उगवणही मंदावते. म्हणून ढीग थंड झाल्यानंतरही खत किमान महिनाभर, शक्य असल्यास त्याहून अधिक काळ, किंचित ओलसर ठेवून मुरू द्यावे. ते तयार झाले की नाही, हे पाहण्यासाठी थोडे ओलसर खत पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर ठेवावे आणि मग उघडून वास घ्यावा. आंबूस किंवा उग्र वास आला, तर ते अजून कच्चे आहे. थोड्या खतात मुळ्याचे बी पेरून पाहणे, ही त्याहूनही खात्रीची परीक्षा आहे.

यापुढे आपल्या वृत्तपत्रात या विषयावर लेख येईल, तेव्हा खत किती दिवसांत होते या माहितीच्या जोडीला ही परीक्षाही छापावी, अशी विनंती आहे.

आपला,
एक वाचक