पंतप्रधानाचं नावच नसलेली घटना

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

नागरिकत्वाच्या परीक्षेची तयारी चाललीय हे वाचून बरं वाटलं. तू लिहितोस, ऑस्ट्रेलियाची राज्यघटना अवघ्या 128 कलमांची, आणि आपली म्हणजे नुसता ग्रंथ. बाबा लगेच तुझ्या बाजूचे झाले. मला ते पटलेलं नाही, म्हणून एवढं लिहायला बसले.

ती 128 कलमं एकदा चाळच. ‘पंतप्रधान’ हा शब्द कुठेही नाही. कागदावर सगळा अधिकार राजाच्या वतीनं गव्हर्नर-जनरलकडे. पंतप्रधान येतो-जातो तो निव्वळ संकेतानं. त्यात राज्यांची समजूत काढायला सिनेट, म्हणजे वरचं सभागृह, ठेवली. चिमुकल्या टास्मानियाचे 12 सदस्य आणि न्यू साउथ वेल्सचेही 12. सरकारच्या नेहमीच्या खर्चाच्या विधेयकात सिनेटला कानामात्रा बदलता येत नाही, पण अख्खं विधेयक अडवून धरता येतं.

1975 साली ते अडवलं. पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांच्याकडे खालच्या सभागृहात स्पष्ट बहुमत होतं, पण ऑक्टोबरपासून सिनेटमध्ये विरोधकांनी खर्चाची मंजुरी रोखली. 11 नोव्हेंबरला गव्हर्नर-जनरल जॉन कर यांनी व्हिटलमना बोलावून बडतर्फीचं पत्र हातात ठेवलं आणि विरोधी नेते माल्कम फ्रेझर यांना काळजीवाहू पंतप्रधान नेमलं. गंमत बघ, व्हिटलम यांच्या सिनेटरांना याचा पत्ताच नव्हता. खर्चाची विधेयकं मंजूर होताहेत म्हणून ते खूश! तिकडे खालच्या सभागृहानं फ्रेझरवर अविश्वास दाखवला, पण संध्याकाळच्या आत दोन्ही सभागृहं बरखास्त. डिसेंबरच्या निवडणुकीत फ्रेझर दणदणीत जिंकले, तो भाग वेगळा.

आपल्याकडे हे असं होणं अवघड. धन विधेयक राज्यसभेला 14 दिवसांपलीकडे अडवता येत नाही, कलम 109. मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार, हे कलम 75 मध्ये स्वच्छ लिहिलंय. 1999 मध्ये वाजपेयींचं सरकार एका मतानं पडलं, पण ते मत लोकसभेतलं होतं. याची किंमत राज्यांनी मोजली, हेही खरं. आपल्या महाराष्ट्राचे राज्यसभेत 19, उत्तर प्रदेशचे 31 आणि गोव्याचा एक. तुमच्याकडची बरोबरी इथे नाही.

आणि आपणही सगळं कुठे लिहिलंय? बहुमत कुठे मोजायचं हे राज्यपालांच्या मर्जीवर चालत असे. 1994 च्या बोम्मई निकालात सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, की ते सभागृहात मोजा, राजभवनात नाही. 2019 ला मुंबईत ती पहाटेची शपथ झाली, तेव्हाही न्यायालयानं उद्याच सभागृहात बहुमत सिद्ध करा म्हटलं, आणि आदेशाच्याच दिवशी राजीनामा आला. तारीख होती 26 नोव्हेंबर, संविधान दिन.

व्हिटलम यांच्या वेळी क्वीन्सलँडच्या राज्य सरकारनं त्यांच्याच मजूर पक्षाच्या वारलेल्या सिनेटरच्या जागी व्हिटलमविरोधी माणूस धाडला होता. त्यानं गणित बिघडलं. 1977 च्या सार्वमतानं तेवढी फट बुजवली: ज्या पक्षाची जागा, त्याच पक्षाचा माणूस. खर्च अडवण्याचा अधिकार मात्र सिनेटकडे आजही तसाच आहे. तेव्हा मतदानाचा हक्क मिळाला की सिनेटची ती लांबलचक पांढरी मतपत्रिका कंटाळा न करता नीट भर.

परीक्षेचं काय झालं ते कळव. बाबांचा गुडघा आता बरा आहे.

तुझी,
आई