शिन्साइबाशी स्थानकाविषयी आई-बाबांना

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, मी रोज उतरते ते भुयारी स्थानक कसे आहे, असे तुम्ही विचारले होते. फोनवर ते नीट सांगता आले नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

ओसाकातील मिदोसुजी या भुयारी रेल्वेमार्गावरचे शिन्साइबाशी स्थानक २० मे १९३३ रोजी सुरू झाले. फलाटावर मध्ये एकही खांब नाही. वर भव्य कमानदार छत आणि त्याला ओळीने लावलेले दिवे, त्यामुळे जमिनीखाली असूनही जीव कोंडत नाही. सुरुवातीला येथे एकाच डब्याची गाडी धावत असे, तरीही फलाट लांबलचक बांधले गेले आणि आज या मार्गावर दहा डब्यांच्या गाड्या धावतात. तेव्हाचे महापौर सेकी हाजिमे यांनी वरचा जेमतेम सहा मीटरचा रस्ताही सुमारे ४४ मीटर रुंद करायला घेतला, तेव्हा शहराच्या मधोमध विमानतळ बांधायचा आहे की काय, असे लोक विचारत. तो रस्ता १९३७ मध्ये पूर्ण झाला. सेकी त्याआधी दोन वर्षे वारले होते. तुमचा सारा जन्म रस्त्यांच्या कामांत गेला, म्हणून हे तुम्हाला मुद्दाम कळवते.

१३ मार्च १९४५ च्या रात्री शहरावर बॉम्बवर्षाव झाला, तेव्हा आगीतून धावत आलेल्या लोकांना या स्थानकात आसरा मिळाला आणि गाडीने याच मार्गावरच्या उमेदा स्थानकाकडे नेण्यात आले, असे त्यातून वाचलेल्यांनी सांगून ठेवले आहे. त्या गाडीची अधिकृत नोंद सापडत नाही. ज्यांनी त्या रात्री दार उघडले, त्यांची नावे कोठे तरी लिहिलेली असायला हवी होती, असे तेथून जाताना मला फार वाटते.

आई, तुझ्या गुडघ्यांची चिंता नको. येथे लिफ्ट आहे आणि फलाटाच्या कडेला सरकती दारे असल्याने गर्दीतही भीती नाही. बाबांना कमी दिसते, पण पायाला जाणवणाऱ्या पिवळ्या फरशांचा त्यांना आधार होईल. अशा फरशा १९६७ मध्ये जपानच्याच ओकायामा शहरात प्रथम बसवल्या गेल्या.

नोव्हेंबरच्या अखेरीस वरच्या रस्त्यावरचे गिंको वृक्ष पिवळेधमक होतात, म्हणून तेव्हाचीच तिकिटे काढावीत असे मला वाटते. तुम्हा दोघांच्या पासपोर्टची मुदत कधी संपते, ते पाहून लगेच कळवावे.

तुमची लाडकी लेक