टॉवेलची दांडी टॉवेलसाठीच असते

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीतला ‘ज्येष्ठांनो, जपून’ हा लेख वाचला. हेतू चांगला आहे, त्याबद्दल आभार. पण त्यासोबतचं छायाचित्र पाहून राहवलं नाही. पांढऱ्याशुभ्र बाथरूममध्ये हसरे आजोबा टॉवेलच्या दांडीला धरून कमोडवरून उठताहेत आणि खाली ओळ आहे, ‘आधाराला हाताशी काहीतरी असावे.’ काहीतरी! नळ, गीझरची वायर, पडदा, सगळंच ‘काहीतरी’मध्ये बसतं.

टॉवेलची दांडी कशी बसवलेली असते, हे छायाचित्र निवडणाऱ्यांनी एकदा खोलून बघावं. पातळ पत्र्याची पोकळ नळी, दोन टोकांना दोन ब्रॅकेट, प्रत्येकाला इंच-सव्वा इंचाचे दोन स्क्रू आणि भिंतीत प्लॅस्टिकची गिट्टी. टाइल आणि तिच्यामागचा मसाला मिळून जाडी इंचभर भरते. म्हणजे स्क्रू विटेपर्यंत पोचतच नाही, मसाल्यातच अडकून राहतो. ओला टॉवेल तेवढ्यावर सुखाने वाळतो. माणसाचा तोल जातो तेव्हा मात्र 60 किलोंचा झटका बसतो आणि तोही नुसता खाली नव्हे, तर भिंतीपासून बाहेर ओढणारा. गिट्टी नेमकी त्याच दिशेने उपटून येते. मग माणूस पडतोच, शिवाय दांडी हातात आणि टाइलची कपची अंगावर. दांडी नसती तर निदान तिच्या भरवशावर कुणी अर्धवट उठलं नसतं.

आधाराची दांडी वेगळी असते. दुकानात ग्रॅब बार मागावा. 304 दर्जाचं स्टील, जाडी 32 ते 38 मिलिमीटर, म्हणजे मूठ पूर्ण मिटते. पृष्ठभाग चकचकीत नको, खरखरीत किंवा निदान मंद हवा, कारण हात साबणाचा असतो. भिंत आणि दांडी यांत फट दीड इंच. अमेरिकेतल्या नियमांत ही फट नेमकी एवढीच ठरवून दिली आहे, कारण जास्त ठेवली तर घसरताना हात आत जाऊन कोपर अडकतं. 250 पौंड, म्हणजे सुमारे 113 किलो भार दांडीने आणि तिच्या स्क्रूंनी सोसावा, हेही त्याच नियमांत आहे.

बसवताना घोळ होतो तो भिंतीत. दोन्ही टोकांच्या चकत्यांना तीन-तीन स्क्रू हवेत, आणि टाइल-मसाला सोडून निदान दोन इंच विटेत गेले पाहिजेत. म्हणजे तीन इंची स्क्रू. पाकिटात येतात ते बाजूला ठेवावेत. टाइलला भोक पाडताना ड्रिलचा ठोका बंद ठेवावा, विटेत शिरल्यावर सुरू करावा, नाहीतर टाइल तडकते आणि तडकलेल्या टाइलवर चकती नीट बसत नाही. गरम-गार पाण्याच्या नळाच्या (मिक्सरच्या) वरच्या आणि गीझरच्या खालच्या भिंतीत नळाचे पाइप उभे गेलेले असतात, ते आधी हेरावेत. बऱ्याच नव्या इमारतींमध्ये तर भिंत विटेची नसतेच, पांढऱ्या हलक्या एएसी ब्लॉकची असते. त्यात फुगणारा लोखंडी बोल्ट आवळला की ब्लॉक आतल्या आत भुगा होतो. वरून घट्ट वाटतं, महिन्याभरात हलू लागतं. तिथे केमिकल अँकर, म्हणजे भोकात चिकट रसायन भरून त्यात पक्का बसवलेला बोल्ट वापरावा, किंवा भिंतीतून आरपार बोल्ट काढून पलीकडे पट्टी द्यावी. बसवून झाल्यावर घरातल्या सर्वांत वजनदार माणसाने दांडीला धरून पूर्ण भार टाकून बघावं. प्लंबरला हे आवडत नाही. न आवडू दे.

रबरी कपांनी चिकटणाऱ्या दांड्या ऑनलाइन स्वस्तात मिळतात, आपल्या त्याच पानावर त्यांची जाहिरातही होती. कपाखाली टाइलची सांध आली की हवा शिरते. सांध नसली तरी पकड हळूहळू सुटते आणि सुटल्याचं कळतं ते हात टाकल्यावरच.

उंचीचंही तेच. अमेरिकेतलं माप जमिनीपासून 33 ते 36 इंच. आपल्याकडच्या पावणेपाच फुटी आजी कमोडवर बसल्या की ही दांडी त्यांच्या खांद्याला येते, तिच्यावर जोर देऊन उठता येत नाही. तेव्हा आजींना कमोडवर बसवावं, कोपर थोडं वाकवून हात पुढे भिंतीला टेकवायला सांगावा आणि तिथे पेन्सिलने खूण करावी. आडवी दांडी दाबून उठायला, उभी दांडी उठल्यावर धरून स्थिर व्हायला, म्हणून एल आकाराची सर्वांत सोयीची. आपल्याकडच्या बऱ्याच कमोडची बैठक 15-16 इंचांवर असते, गुडघे दुखणाऱ्याला 17 ते 19 बरी पडते. वर ठेवायची उंच बैठक क्लॅम्पने आवळता येणारीच घ्यावी, नुसती ठेवलेली सरकते.

लेखात दरवाजाचा उल्लेखच नाही. आपल्या बाथरूमचं दार बहुधा आत उघडतं. पडलेला माणूस नेमका दाराला आडवा पडतो आणि बाहेरच्यांना दार ढकलता येत नाही, ढकललं तर त्याच्याच मोडलेल्या पायावर. दार बाहेर उघडेल असं बिजागरी बदलून करता येतं, सुताराचं अर्ध्या दिवसाचं काम आहे. ते जमत नसेल तर आतली कडी काढून बाहेरून नाण्याने फिरवता येईल असं कुलूप लावावं.

‘अँटी-स्किड टाइल बसवा’ हे वाक्यही अर्धंच. दुकानदार ‘आर 9’ छापलेली टाइल दाखवून अँटी-स्किड म्हणून गळ्यात मारतो. जर्मन मानकात आर 9 ही सर्वांत खालची पायरी आहे. शिवाय ती चाचणी बूट घालून, तेल लावलेल्या उतारावर चालून करतात. आपण बूट घालून आंघोळ करत नाही. अनवाणी पाय आणि साबणाचं पाणी यांसाठी ए, बी, सी अशी वेगळी प्रतवारी आहे, ती विचारावी. बी किंवा सी घ्यावी. आणि सी दर्जाच्या टाइलवरही तेल-उटण्याचा थर साचला की ती काच होते. दिवाळीच्या पहाटे अभ्यंग झाल्यावर पुढचा माणूस आत जाण्याआधी फरशी धुण्याच्या सोड्याने ब्रश मारून घासायलाच हवी.

चक्कर येण्याबद्दल लेखात दोन ओळी आहेत. गरम पाण्याने त्वचेतल्या रक्तवाहिन्या सैल होतात, त्यात बुटक्या पाटावरून झटकन उठलं की रक्तदाब घसरतो. पाटाऐवजी गुडघ्याच्या उंचीचं, पायांना रबर असलेलं स्टूल आणि बादली चौरंगावर, एवढ्याने वाकणं आणि उठणं दोन्ही वाचतं. आडवं असताना आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत रक्तदाब मोजावा. वरचा आकडा 20 किंवा खालचा 10 ने उतरला तर रक्तदाबाच्या, प्रोस्टेटच्या आणि झोपेच्या गोळ्यांची यादी घेऊन डॉक्टरांकडे जावं. गोळी आपल्या मनाने बंद करू नये. आणि ‘रोज बागेत फेऱ्या मारा’ हे ठीक, पण नुसत्या चालण्याने तोल सुधारत नाही. ओट्याला धरून टाचा उचलणं, पावलापुढे पाऊल जोडून चालणं, हात न टेकता खुर्चीतून उठणं, हे करावं लागतं.

एक शेवटचं. काठी दुखऱ्या पायाच्या बाजूला धरावी, असं चौकटीत छापलं आहे. काठी विरुद्ध हातात धरतात. अर्थात ती चौकट कितीजणांनी वाचली असेल, शंकाच आहे, कारण फिकट पिवळ्या रंगावर पांढरी, मुंगीएवढी अक्षरं होती. मोतीबिंदूवाल्यांसाठीचा मजकूर मोतीबिंदूवाल्यांना दिसणार नाही, याची एवढी काळजी कोण घेतं?

दुरुस्ती छापणार असाल तर पांढऱ्यावर काळ्या, ठसठशीत अक्षरांत छापावी. आजोबांचं छायाचित्र पुन्हा वापरायचंच असेल, तर त्या दांडीवर टॉवेल वाळत घालून वापरावं.

आपला नियमित वाचक,
ठाणे (पश्चिम)